शिंप्याची टेप आणि मघा नक्षत्र

धुळ्याहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. स्वतः घासलेला सहा इंची आरसा, बाराशे मिलिमीटर नाभीय अंतर, गल्लीतल्या वेल्डरकडून जीआय पाइपाची करून घेतलेली इक्वेटोरियल बैठक, अशी सगळी जय्यत तयारी आहे. गुरूचे चंद्र दिसतात, शनीची कडी पाहायला शेजारपाजार गोळा होतो. पण नकाशातली एखादी अंधूक दीर्घिका शोधायला जावं, तर तासभर हुडकून हाती काही लागत नाही. ‘आता कॉम्प्युटरवाली गोटू दुर्बीण घ्यावी, की आहे त्या बैठकीला घरीच सेटिंग सर्कल करून बसवली तर भागेल?’

भागेल. खर्च शिंप्याच्या दोन टेपा आणि प्लायच्या दोन तबकड्या एवढाच.

जमिनीवरच्या गावाला अक्षांश-रेखांश असतात, तसे आकाशातल्या प्रत्येक ठिपक्याला क्रांती आणि विषुवांश. क्रांती अंशांत मोजतात, विषुवांश तास-मिनिटांत. इक्वेटोरियल बैठकीचे दोन अक्ष नेमके याच दोन दिशांना फिरतात. मग त्या अक्षांवर आकडे लिहिलेली चक्रं, म्हणजेच सेटिंग सर्कल, बसवली की दुर्बिणीला पत्ता सांगता येतो. पूर्वीच्या बहुतेक मोठ्या दुर्बिणींवर अशी पितळी चक्रं असत. हौशी लोकांच्या दुर्बिणींवरून मात्र ती गेली, आणि त्याला दोन कारणं झाली. बाजारच्या स्वस्त बैठकींवर जी चक्रं येतात ती चहाच्या बशीपेक्षा लहान असतात. त्यांच्यावर अंश वाचण्यापेक्षा न वाचलेले बरे. दुसरं कारण जॉन डॉब्सन. रामकृष्ण संघाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतला हा संन्यासी भंगारातल्या काचा घासून दुर्बिणी करायचा आणि रस्त्यावर उभ्या करून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवायचा. त्याची लाकडी खोक्याची बैठक जगभर पसरली. तिला ना ध्रुवाकडे रोखलेला अक्ष, ना चक्रं. या माणसाचे उपकार फार मोठे आहेत, पण चक्रं विस्मृतीत गेली ती त्याच्याच लाटेत.

आता टेपेकडे. शिंप्याची टेप दीडशे सेंटिमीटरची, म्हणजे १५०० मिलिमीटर. तिचे शेवटचे ६० मिलिमीटर कापून टाका. उरले १४४०. दिवसाचे चोवीस तास, त्यांची मिनिटं किती? १४४०! ही टेप ज्या तबकडीच्या कडेवर बरोबर एक वेढा घेईल, तिच्यावर एक मिलिमीटर म्हणजे विषुवांशाचं एक मिनिट. भागाकार नको, छापील कंपासपेटी नको, चीनहून मागवलेलं चक्र नको. त्या तबकडीचा व्यास निघतो ४५८ मिलिमीटर, दीड फुटाहून किंचित जास्त. मला स्वतःला हा योगायोग इतका आवडतो, की शाळेत परीघ आणि व्यासाचं नातं शिकवताना हीच तबकडी का कापून घेत नाहीत, असा प्रश्न पडतो.

सुताराला ४५६ सांगावं आणि उरलेली कसर कडेवर कागदाच्या पट्ट्या चढवत भरून काढावी. शून्य आणि १४४० एकमेकांना टेकले की थांबावं. कापडी टेप ताणली जाते, म्हणून फायबरची घ्यावी आणि लोखंडी पट्टीशी एकदा ताडून पाहावी. तबकडी ध्रुवाक्षावर बसवायची, काटा खाली स्थिर पाइपावर. नळी पूर्वेकडे वळवली की काट्याखालचा आकडा वाढला पाहिजे. कमी होत असेल तर टेप काढून डोक्यावर उलटी चिकटवा. आकडे उलटे वाचावे लागतील, पण गणित सुलटं चालेल. दीड फुटाची तबकडी बैठकीला जड होत असेल तर ७२० मिलिमीटरचा वेढा घेणारी, २२९ मिलिमीटर व्यासाची करा; तिच्यावर एक मिलिमीटर म्हणजे दोन मिनिटं. क्रांतीच्या अक्षावर अशीच लहान तबकडी बसवायची. तिथे दोन मिलिमीटरला एक अंश पडतो.

एवढ्याने अचूकता पुरते का? सहा इंची दुर्बिणीला पंचवीस मिलिमीटरची साधी प्लॉसल नेत्रिका लावली की एका वेळी साधारण एक अंश आकाश दिसतं, पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी शेजारी मावतील इतकं. विषुवांशाचं एक मिनिट म्हणजे पाव अंश. आपण एक-दीड मिलिमीटर चुकलो तरी वस्तू नेत्रिकेत असते.

हौशी मंडळींची खरी गफलत पुढच्या पायरीला होते. ते नाक्षत्रकाल, म्हणजे ताऱ्यांच्या घड्याळाची वेळ, काढायला बसतात. धुळ्याचं रेखांश पावणेपंच्याहत्तर, त्यामुळे स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या एकतीस मिनिटं मागे, मग त्यात अमुक मिळवा, तमुक वजा करा... या हिशेबात रात्र सरते. याची काही गरज नाही. ओळखीच्या ताऱ्यावर दुर्बीण रोखा, त्या ताऱ्याचा विषुवांश काट्याखाली येईल अशी तबकडी फिरवा आणि तिथून फक्त फरक मोजा. म्हणून तबकडी अक्षावर घट्ट ठोकू नये. हाताने जोर दिल्यावर सरकेल, एरवी नाही, इतपत बसवावी.

उदाहरण घेऊ. एप्रिलच्या रात्री मघा डोक्यावर येते. मघेच्या ठळक ताऱ्याचा विषुवांश १० तास ८ मिनिटं, म्हणजे टेपेवर ६०.८ सेंटिमीटर. सिंह राशीतल्या एम-६६ या दीर्घिकेचा ११ तास २० मिनिटं, म्हणजे ६८.०. तारा नेत्रिकेत मध्यावर आणा, काट्याखाली ६०.८ लावा, नळी पूर्वेला ६८.० पर्यंत वळवा आणि क्रांती एक अंश उत्तरेला न्या. डोळा लावा. दोन लांबट, धुरकट डाग दिसतील: एम-६५ आणि एम-६६. शेजारी तिसरी एनजीसी-३६२८ असते, पण तिला शहराबाहेरचा अंधार लागतो. सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश मघेपासून ७२ मिलिमीटरवर सापडला. मोटर नसेल तर मात्र हात चालवा, कारण आकाशही मिनिटाला एक मिलिमीटर याच दराने पश्चिमेला सरकतं. मध्ये एक मिनिट गेलं असेल तर ६८.० ऐवजी ६७.९ वर थांबा.

ज्ञात ताऱ्यापासून फरक मोजायची ही रीत किती जुनी म्हणून विचाराल, तर मी चाळीसगावच्या गाडीत बसवून देईन. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) यंत्राध्याय नावाचं एक प्रकरण आहे. ‘लीलावती’च्या झगमगाटात ते कुणी उघडत नाही. त्यात चक्रयंत्र आहे: धातूचं किंवा लाकडाचं चक्र घ्यायचं, कडेवर ३६० अंश कोरायचे, साखळीने मोकळं टांगायचं, मध्याला आरपार एक काडी बसवायची. चक्र सूर्याच्या दिशेत धरलं की काडीची सावली कडेवर पडते आणि सूर्याचे उन्नतांश वाचता येतात. खरी गंमत पुढे आहे. ग्रहाचं स्थान काढायचं तर मघा, पुष्य, रेवती, शततारका अशा क्रांतिवृत्ताला लागून असलेल्या ताऱ्यांचा आधार घ्यायला ते सांगतात. तारा कडेवर साधायचा, ग्रह साधायचा, दोहोंमधले अंश मोजायचे. काच नव्हती, दुर्बीण नव्हती. पण ओळखीचा तारा आधी आणि फरक नंतर, ही युक्ती आपली आणि त्यांची एकच, आणि मघाही तीच.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करतो, कारण ‘आपल्याकडे सगळं होतंच’ म्हणणारी पत्रं लगेच येतात. याच अध्यायात पाऱ्याने अर्धवट भरलेल्या पोकळ आऱ्यांचं, आपोआप फिरत राहणारं चाकही आहे. ते फिरत नाही, फिरणारही नाही. आणि यंत्रांचं इतकं वर्णन केल्यावर आचार्य स्वतःच सांगतात की सगळ्यांत श्रेष्ठ ते धीयंत्र, म्हणजे बुद्धी. हातात एक काठी असली तरी शहाण्याचं काम भागतं. गोटू दुर्बिणीच्या जाहिराती वाचताना मला हे हटकून आठवतं.

चाळीसगावची गाडी अशासाठी, की तिथून जवळच, पाटणादेवीच्या परिसरात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख सापडला. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला. चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटणला मठ काढला, आणि निकुंभ वंशातल्या स्थानिक राजांनी त्याला दान दिलं. दानाची तिथी शके ११२८ची श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. आजच्या मोजणीने ते वर्ष १२०७ येतं. दानाचा तपशील जुन्या मराठीत कोरलेला आहे. भास्कराचार्य स्वतः कुठे राहिले यावर वाद घालणारे घालोत. त्यांच्या ग्रंथांची शाळा खानदेशात होती याला दगडाचा पुरावा आहे, आणि त्या शाळेत यंत्राध्यायही असणारच. पुढे साडेसहाशेहून अधिक वर्षांनी शंकर बाळकृष्ण दीक्षित नावाचे मास्तर धुळ्यात काही काळ शिकवत होते. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) हा ग्रंथ आपल्या ज्योतिषाच्या इतिहासाचा आजही पाया आहे. धुळ्यात किती जणांना हे माहीत आहे, विचारून पाहा.

परत तबकडीकडे. तिची मोठी चूक अंशांच्या रेघांत नसते, मध्यबिंदूत असते. भोक एक मिलिमीटर सरकलं तर या आकाराच्या चक्रात पाव अंशापर्यंत चूक येते आणि ती प्रत्येक दिशेला वेगळी असते. लंडनच्या जेसी रॅम्सडेनने यावर तोड वापरली. चक्राच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना सूक्ष्मदर्शक बसवायचे आणि दोन्ही वाचनांची सरासरी घ्यायची, म्हणजे मध्याची चूक आपसात कटते. त्याने सिसिलीतल्या पालेर्मोसाठी पाच फुटी चक्र १७८९ मध्ये पुरं केलं. त्याच चक्रावर ताऱ्यांच्या जागा नोंदवताना १ जानेवारी १८०१ च्या रात्री ज्युसेप्पे पियाझीला एक ‘तारा’ भेटला, जो पुढच्या रात्रींत जागा बदलत होता. तो सेरेस, पहिला लघुग्रह. श्रेय पियाझीचं आणि कक्षा काढणाऱ्या गाउसचं. चक्र करणाऱ्या कारागिराचं नाव शाळेच्या पुस्तकात येत नाही. आपल्या टेपेवरही समोरासमोर दोन काटे लावा. दोन्ही वाचनांत ७२.० सेंटिमीटरचा फरक हवा. ७१.६ आला तर चूक चार मिलिमीटरची. तिच्या निम्मी, म्हणजे दोन मिलिमीटर, पहिल्या वाचनात दुरुस्त करायची.

ध्रुवाक्षाची चिंता लोक उगाच वाहतात. धुळ्याचा अक्षांश २०° ५४′, म्हणून अक्ष जमिनीशी एकवीस अंशांवर हवा. विकतच्या कित्येक बैठकी युरोप-अमेरिकेच्या चाळीस-पन्नास अंशांसाठी घडवलेल्या. इतक्या खाली आणल्या की वजनाचा दांडा तिकाटण्याच्या पायाला अडतो. वेल्डरकडून करून घेतलेली बैठक इथे सरस ठरते. शहरातून ध्रुव दिसणं कठीण, एकवीस अंशांवर धूळ आणि दिवे दोन्ही असतात. पण आपण फरक मोजतो आहोत. अक्ष एका अंशाने चुकला तरी मघेपासूनच्या अठरा अंशांच्या उडीत चूक एक-तृतीयांश अंशाच्या आतबाहेर राहते. ध्रुव साधारण नळीच्या रेषेत आला की पुढे चला.

गोटू वाईट नाही. म्हाताऱ्या पाठीला, किंवा शाळेच्या चाळीस मुलांना तासाभरात दहा वस्तू दाखवायच्या असतील तर जरूर घ्या. पण ज्याने आरसा स्वतः घासला, त्याने वस्तू शोधायचं काम मोटरीला देऊ नये असं माझं मत आहे. आणि मोबाइलवर रंगीत फोटो देणाऱ्या ‘स्मार्ट’ दुर्बिणींना तर डोळा लावायची नेत्रिकाच नसते.

ज्यांच्याकडे डॉब्सनची बैठक आहे त्यांनी हिरमुसू नये. हार्डवेअरच्या दुकानात चुंबकाने चिकटणारा डिजिटल कोनमापक मिळतो, तो नळीला लावा. चित्रा नक्षत्राचा विषुवांश १३ तास २५ मिनिटं. नरतुरंगातल्या ओमेगा सेंटॉरी या गोलाकार तारकागुच्छाचा १३ तास २७ मिनिटं. म्हणजे चित्रा बरोबर दक्षिणेला आली की ओमेगा सेंटॉरी तिच्या सरळ खाली, ३६ अंश १९ कलांवर. मेच्या मध्यावर धुळ्यात ही वेळ रात्री साधारण दहा वाजून पंचवीस मिनिटांची. पुढे रोज चार मिनिटं अलीकडे येते. उन्हाळ्यात धाब्यावर झोपणाऱ्यांना त्यासाठी वेगळं जागायला नको. चित्रेवर कोनमापक ५७.९ दाखवील. नळी आडवी न हलवता २१.६ पर्यंत खाली आणा आणि किंचित डावीकडे पाहा. हा गुच्छ लंडनहून कधी उगवतच नाही. हॅलीला तो १६७७ मध्ये सेंट हेलिना बेटावर जाऊन नोंदवावा लागला. आपल्याला मोकळं दक्षिण क्षितिज पुरे. धुळ्याच्या दक्षिणेला, लळिंग किल्ल्याच्या बाजूला गावाचे दिवे पाठीशी टाकून बसता येईल.

मात्र हे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी उरका. पाऊस लागला की चित्रा पुन्हा अशी सोयीच्या वेळी सापडायला पुढचा एप्रिल उजाडतो.