डिझेल पिकअपचा मालक खूश का असतो, आणि दिल्लीत तोच कुरकुरतो का?

मागच्या भागात आपण जुन्या गाडीच्या टायरबद्दल बोललो. त्यानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. कोणी इंदूरहून, कोणी बेळगावहून, एक जण तर इथेच फरीदाबादेतून. प्रश्न असा: "सर, तुमच्याकडे डिझेल पिकअप आहे. पुन्हा घ्यायची झाली तर डिझेलच घ्याल का?"

हो किंवा नाही म्हणून हा प्रश्न मला सोडवता येत नाही. कारण माझ्या गाडीला येत्या ऑक्टोबरात दहा वर्षं पूर्ण होतात आणि ती गुरुग्राम पासिंगची आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये राहणाऱ्यांना या एका वाक्यात सगळं कळलं असेल. बाकीच्यांसाठी सविस्तर सांगतो.

आधी माझी गाडी

२०१६ साली मी फौजेतून निवृत्त झालो. साताऱ्याकडे खटाव तालुक्यात आमची थोडी शेती आहे, ती पुतण्या बघतो. मुलं मात्र इकडे, म्हणून मुक्काम गुरुग्रामला. वर्षातून दोन-तीन फेऱ्या गावाला ठरलेल्या. एका बाजूचं अंतर साधारण दीड हजार किलोमीटर. जाताना घरचं सामान, एकदा पाण्याची मोटर, एकदा ठिबकच्या नळ्यांची बंडलं. येताना ज्वारी, घेवडा, शेंगा. कारच्या डिकीत हे मावत नाही.

त्याच वर्षी इसुझूची व्ही-क्रॉस बाजारात आली होती. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, चार दरवाजे, मागे हौदा आणि खासगी पासिंग, म्हणजे पांढरी नंबरप्लेट. पण घ्यायला गेलो तर अडचण होती. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली-एनसीआरमध्ये २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये ती बंदी उठली, पण गाडीच्या किमतीच्या एक टक्का पर्यावरण शुल्क भरायच्या अटीवर. ते भरलं आणि ऑक्टोबरात गाडी दारात आली.

राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश एप्रिल २०१५ मधलाच होता: एनसीआरमध्ये दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेल गाडी चालणार नाही. तो मला माहीत होता. "दहा वर्षं लांब आहेत" असं म्हणून मी सोडून दिलं. फौजेत एखाद्या जवानाने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याची चांगली हजेरी घेतली असती. तेव्हा दोष कोणाचा, हे सुरुवातीलाच कबूल करतो.

डिझेलमध्ये असं काय आहे?

गावाकडच्या मंडळींना डिझेल इंजिनाची ओळख करून द्यायला नको. विहिरीवर धक-धक करणारं 'ऑइल इंजीन' आपल्या दोन पिढ्यांनी पाहिलं. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात १९४६ ची. तेच तत्त्व आजच्या पिकअपमध्ये आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण साधारण दहा पटीने दाबतात आणि प्लगच्या ठिणगीने पेटवतात. डिझेलमध्ये ठिणगी नसते. नुसती हवा सोळा-सतरा पट दाबली जाते. त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं.

याचे तीन परिणाम होतात. एक, जास्त दाबामुळे इंधनातून जास्त काम निघतं. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही थोडी जास्त असते. म्हणून अ‍ॅव्हरेज चांगलं. दोन, टर्बोच्या जोडीने कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ मिळते. तीन, एवढा दाब सहन करायला इंजिन दणकट बनवावं लागतं, म्हणून ते जड आणि महाग.

ओढ म्हणजे काय ते फौजेतल्या उदाहरणाने सांगतो. आमची जिप्सी पेट्रोलवर चालायची. हलकी, चपळ, बर्फात पटकन सुरू होणारी. तिची ओढ सुमारे १०३ न्यूटन-मीटर. माझ्या पिकअपची ३२०. जिप्सीत चार माणसं आणि सामान भरून चढ आला की ड्रायव्हर गिअर खाली आणायचा आणि इंजिन ओरडायचं. पिकअपच्या हौद्यात पाच-सहाशे किलो घालून मी खंबाटकीचा घाट चढतो तेव्हा इंजिनाचा आवाजही फारसा बदलत नाही. डिझेलवाला खूश असतो तो या अनुभवामुळे. पैशांचा हिशेब तो नंतर करतो.

डिझेलची दुसरी बाजूही फौजेनेच शिकवली. थंडीत त्यातलं मेण गोठतं. उंचावर रात्री ठरावीक वेळाने ट्रकचं इंजिन चालवून ठेवावं लागे, नाहीतर सकाळी गाडी दगड. आता त्यावर उपाय निघाला आहे. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलं. ते तयार होतं पानिपतच्या रिफायनरीत. मराठी माणसाला पानिपतहून आलेली एखादी तरी चांगली बातमी सांगता आली, याचं मला समाधान आहे.

हिशेब बदलला कसा?

मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं होतं आणि डिझेल ४१ च्या आसपास होतं. तेव्हा डिझेल घ्यायला डोकं लावावं लागत नव्हतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि फरक आटत गेला. जून २०२० मध्ये दिल्लीत काही काळ डिझेल चक्क पेट्रोलपेक्षा महाग होतं. २०२५ मध्ये इथे पेट्रोल सुमारे ९५ आणि डिझेल सुमारे ८८ रुपये होतं.

आता कागद-पेन्सिल घ्या. दोन्ही इंजिनांत मिळणारी एखादी गाडी धरू. पेट्रोल साडेतेरा लाख, अ‍ॅव्हरेज १२. डिझेल पंधरा लाख, अ‍ॅव्हरेज १६. हे आकडे समजुतीसाठी आहेत, तुम्ही तुमच्या गाडीचे घाला. पेट्रोलचा किलोमीटरला खर्च ७ रुपये ९२ पैसे, डिझेलचा साडेपाच रुपये. बचत किलोमीटरमागे २ रुपये ४२ पैसे. जादा दिलेले दीड लाख वसूल व्हायला सुमारे ६२ हजार किलोमीटर लागतात. शोरूममधला मुलगा हिशेब इथवर दाखवतो आणि थांबतो.

एनसीआरमध्ये पुढची ओळ लिहावी लागते. इथे डिझेलचं आयुष्य १० वर्षं, पेट्रोलचं १५. भंगाराची किंमत सोडून द्या. पंधरा लाख भागिले दहा, म्हणजे वर्षाला दीड लाख. साडेतेरा लाख भागिले पंधरा, म्हणजे वर्षाला नव्वद हजार. फरक ६० हजारांचा. तो किलोमीटरमागच्या २ रुपये ४२ पैशांतून भरून काढायचा तर वर्षाला जवळजवळ २५ हजार किलोमीटर गाडी पळायला हवी, म्हणजे महिन्याला दोन हजार. तीच गाडी साताऱ्यात किंवा इंदुरात असेल तर ही ओळ लागू होत नाही. तोच माल, तीच किंमत, पण पासिंग कुठलं यावर हिशेब उलटतो.

नियम आज कुठे आहेत?

लवादाचा २०१५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम केला. १ जुलै २०२५ पासून दिल्लीच्या पंपांवर अशा जुन्या गाड्यांना इंधनच द्यायचं नाही असं ठरलं. कॅमेरे नंबरप्लेट वाचणार होते. लोकांचा आरडाओरडा झाला आणि आठवड्याभरात ते पुढे ढकललं गेलं. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं. १७ डिसेंबरला त्यात दुरुस्ती झाली: हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांनाच. बीएस-३ आणि त्याआधीच्यांवर कारवाई होऊ शकते.

माझी गाडी बीएस-४, म्हणून सध्या ती वाचली. पण हिवाळ्यात हवा 'गंभीर' श्रेणीत गेली की ग्रॅपचा तिसरा टप्पा लागतो आणि बीएस-४ डिझेल चारचाकींना दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर इथे रस्त्यावर यायला बंदी असते. दंड वीस हजार. त्या दिवसांत माझी पिकअप झाकण घालून उभी असते आणि मी मेट्रोने फिरतो.

यावर मी चिडावं का? सुरुवातीला चिडायचो. पण नोव्हेंबरात इथली सकाळ ज्याने पाहिली आहे, नातवाचा खोकला ज्याने रात्रभर ऐकला आहे, त्याला फार वेळ चिडता येत नाही. दिल्लीचा धूर एकट्या पिकअपचा नाही, हे खरं. त्यात पिकअपचा वाटा आहे, हेही खरं. माझी तक्रार एवढीच की गाडीला तिच्या वयावरून नव्हे, तपासणीत ती किती धूर सोडते यावरून जोखावं. दहा वर्षांत सव्वा लाख किलोमीटर नीट सांभाळून चालवलेली गाडी आणि तेवढ्याच वर्षांत पाच लाख किलोमीटर ओढलेली गाडी एका मापाने कशी मोजायची?

नवीन घेणाऱ्यांसाठी एक इशारा

एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आहे. डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं आणि सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी आली, तिला डीपीएफ म्हणतात. जाळीत साठलेली काजळी जाळून टाकायला सुमारे सहाशे अंश तापमान लागतं. ते मिळतं गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात पळाली की. रोज चार किलोमीटरवरच्या बाजारात जाऊन येणाऱ्या गाडीची जाळी तुंबते. आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांनी दिवा पेटलेला दिसूनही दोन महिने दुर्लक्ष केलं. गाडी टो करून न्यावी लागली आणि बिल पाहून ते आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. दोष गाडीचा नव्हता. त्यांच्या कामाला डिझेल लागतच नव्हतं.

याउलट करोल बागेत गलाईचा व्यवसाय करणारे माझे एक विट्याकडचे स्नेही आहेत. त्यांनी पेट्रोल गाडी घेतली, कारण रोजचं काम शहरातलं. गावच्या जत्रेला ते रेल्वेने जातात. ते माझ्याइतकेच खूश आहेत.

मालवाहू पिकअप घेऊन दिल्लीत धंदा करायचा असेल तर सीएनजीचा विचार आधी करा. इथे रस्ता सपाट आहे, पंप जागोजागी आहेत. बाहेरच्या पासिंगच्या बीएस-४ मालगाड्यांना दिल्लीत प्रवेश ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, हेही ध्यानात ठेवा. घाट चढायचे असतील, भरल्या गाडीने लांब जायचं असेल, तर डिझेलला आजही तोड नाही.

चार प्रश्न, मग निर्णय

शोरूमला जाण्याआधी हे कागदावर लिहा. वर्षाला किती किलोमीटर? त्यातले सलग हायवेचे किती? हौद्यात खरोखर किती वजन, महिन्यातून किती वेळा? आणि पासिंग कुठलं? पहिल्या तिन्हींची उत्तरं मोठी आणि चौथं एनसीआरबाहेरचं असेल तर डोळे मिटून डिझेल घ्या. चौथं एनसीआरचं असेल तर डोळे उघडे ठेवून.

फौजेच्या सवयीने मी गाडीची डायरी ठेवतो. आजवर १ लाख ३१ हजार किलोमीटर, त्यातले दोन तृतीयांशांहून जास्त हायवेचे. हायवेला साडेबारा, शहरात साडेनऊ. रस्त्यात एकदाही दगा नाही. म्हणजे माझं काम डिझेलचंच होतं, पत्ता तेवढा चुकला.

म्हणून ठरवलंय. ऑक्टोबरची वाट न पाहता ना हरकत प्रमाणपत्र काढायचं आणि गाडी पुतण्याला द्यायची. एमएच-११ पासिंग होईल. कांद्याच्या गोण्या वाहील, डाळिंबं बाजारात नेईल, मोकळ्या हवेत आणखी काही वर्षं काम करील. शेवटची फेरी मी स्वतः चालवत नेणार आहे. येताना रेल्वेचं तिकीट काढेन, आणि इथे एक छोटी पेट्रोल गाडी पुरे.

पुतण्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काका, डायरीपण द्या बरं का गाडीबरोबर." मंडळी, गाडी योग्य हातात चालली आहे, याची मला तेव्हाच खात्री पटली.

पुढच्या भागात ना हरकत प्रमाणपत्राची कागदपत्रं एकेक करून पाहू. तोवर डायरी घाला. जय हिंद, जय महाराष्ट्र.