कोलशेतच्या नावाने उद्या खोटा व्हिडिओ आला तर?

२२ मे २०२३ रोजी अमेरिकेत पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचा एक फोटो ट्विटरवर फिरला. इमारतीशेजारी काळा धूर, सगळं अगदी खरं वाटावं असं. प्रत्यक्षात स्फोट झालाच नव्हता. फोटो एआयने बनवलेला होता. तरीही खुलासा येईपर्यंत तिथला शेअर बाजार काही मिनिटं घसरला.

आता हाच प्रकार आपल्या ठाण्यात होतोय असं समजा. कोलशेतला हवाई दलाचा तळ आहे. रात्री अकरा वाजता ग्रुपवर 'कोलशेतच्या तळावर हल्ला' असा व्हिडिओ आला आणि त्यात एखाद्या दाढीवाल्या तरुणाचा चेहरा चिकटवलेला असला, तर सकाळी राबोडीत, मुंब्र्यात काय वातावरण असेल? हल्लेखोराला बॉम्बची गरजच उरत नाही. त्याचं काम आपली भीती आणि शेजाऱ्याचा संशय करतो.

महाराष्ट्राने याची किंमत एआय येण्याआधीच मोजली आहे. २०१४ साली शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर टाकली गेली. त्यातून उसळलेल्या दंगलीत २ जूनला पुण्याच्या हडपसरमध्ये एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते भटक्या डवरी गोसावी समाजाचे होते. त्या काळात कराचीतली, मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली एक जाहिरात शेवट कापून 'खरी घटना' म्हणून देशभर फिरत होती.

तेव्हा हातात साधी साधनं होती. आज काय बदललं? जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दाखवलेल्या 'व्हॅल-ई' या प्रणालीला आवाजाची नक्कल करायला तीन सेकंदांचा नमुना पुरतो. मौलाना असोत की नगरसेवक, त्यांची भाषणं तर यूट्यूबवर तासन्‌तास पडलेली असतात.

दुसरा धोका आपल्या घरातल्या मुलांना आहे. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून इराकला गेले आणि इसिसकडे वळले. त्यांना ओढणारा प्रचार इंटरनेटवरचा होता. मार्च २०२४ मधल्या मॉस्कोच्या हल्ल्यानंतर इसिसच्या समर्थकांनी एआयने बनवलेल्या निवेदकाकडून बातम्या वाचून घेतल्या. असा प्रचार उद्या मराठीत किंवा आपल्या घरच्या बोलीत यायला फार खर्च लागणार नाही.

कायदा काय म्हणतो? संगणक यंत्रणेवर हल्ला करून देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-एफ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. समाजात तेढ निर्माण करण्याच्या हेतूने खोटी बातमी पसरवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात बनवणारा येतो, तसा फिरवणाराही येतो. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हे उत्तर पोलीस ठाण्यात चालेलच असं नाही.

मग करायचं काय? ओठ हलतात कसे, डोळे मिटतात कसे, यावरून खोटं ओळखण्याचे दिवस संपत आले आहेत. त्यापेक्षा विचारा: हे कुणी, कधी, कुठून काढलं? घटना जवळची असेल तर तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करा. मशिदीच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर बातमी खात्री करूनच टाकायची, ही जबाबदारी दोघा-तिघांवर सोपवा. तातडीचं असेल तर ११२ वर कळवा.

आणि तुमचाच चेहरा किंवा आवाज कुणी वापरला, तर घाबरून फोनमधलं काही पुसू नका. लिंक, स्क्रीनशॉट, वेळ जपून ठेवा आणि लगेच पोलीस ठाण्यात आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जमाव जमल्यावर केलेल्या खुलाशापेक्षा आधी नोंदवलेली तक्रार जास्त कामाला येते.