दुकानाची वही आपल्याच कुलपात असावी
भाड्याचे सॉफ्टवेअर घ्यावे की एकदाच विकत घ्यावे? अमरावती-अकोल्याच्या व्यापाऱ्यांसाठी काही उपयुक्त विचार

कापडाचा धंदा उधारीवर चालतो आणि उधारी वहीवर टिकते. ज्या दुकानदाराला आपली खतावणी हवी तेव्हा उघडता येत नाही, त्याची वसुली बुडालीच म्हणून समजा. पूर्वी रोजमेळ आणि खतावणी गादीशेजारच्या कपाटात असे व किल्ली शेठजींच्या कमरेला असे. आज वहीची जागा संगणकाने घेतली आहे. प्रश्न एवढाच आहे की, या नव्या कपाटाची किल्ली कोणाच्या हातात आहे?

गेल्या काही वर्षांत सॉफ्टवेअर विकण्याची रीत बदलली. १९९० च्या दशकात टॅलीसारखा कार्यक्रम फ्लॉपीवर येई, एकदा पैसे दिले की तो आपला होई. आता अनेक कंपन्या सॉफ्टवेअर विकत नाहीत, भाड्याने देतात. दरवर्षी किंवा दरमहा पैसे भरा, आणि आपली माहितीही त्यांच्या दूरच्या संगणकावर ठेवा. यालाच 'क्लाउड' म्हणतात. यात सोयी आहेत हे नाकारण्याचे कारण नाही. दुकान अकोल्यात व गोदाम अमरावतीत असेल तर दोन्हीकडून एकच हिशेब पाहता येतो. संगणक बिघडला तरी माहिती वाचते. परंतु ज्याचे एकच दुकान आहे, एक मुनीम आहे आणि दिवसाला चाळीस-पन्नास बिले फाडायची आहेत, त्याने हे भाडे का भरावे याचा विचार केला पाहिजे.

आपल्या दोन शहरांचा धडा

१३ नोव्हेंबर २०२१ रोजी अमरावती शहरात संचारबंदी लागली आणि त्याबरोबर इंटरनेट बंद झाले. दिवाळी नुकतीच सरली होती, लग्नसराई तोंडावर होती. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरातील दंगलीनंतर तेथेही इंटरनेट बंद करण्यात आले. अशा दिवसांत दुकानाचे शटर तर खाली असतेच, पण घरी बसून कोणाकडे किती येणे आहे, कोणत्या मिलचे किती देणे आहे, एवढे पाहणेही क्लाउडवर हिशेब ठेवणाऱ्याला शक्य होत नाही. ज्याचा हिशेब स्वतःच्या संगणकात आहे, तो संचारबंदीतही आपली खतावणी मिळवून ठेवू शकतो.

यात जीएसटीचाही प्रश्न आहे. दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख व ३ बी ची २० तारीख असते. ३ बी ला उशीर झाला आणि कर देणे असेल, तर रोजचे ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज लागते. विवरण इंटरनेटशिवाय दाखल होत नाही, हे खरे. परंतु जीएसटीआर-१ तयार करायला इंटरनेट लागत नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावरून मोफत मिळणारे 'ऑफलाइन टूल' आधी उतरवून ठेवले असेल, तर त्यात बिले भरून फाइल तयार होते. ती पेन ड्राइव्हवर घेऊन जेथे इंटरनेट चालू आहे अशा गावातील ओळखीच्या सल्लागारामार्फतही चढवता येते. हिशेबच हाती नसेल तर मात्र हा मार्गही बंद.

मोठ्यांचेही अडते

ही अडचण फक्त छोट्या दुकानदारांची आहे असे नाही. गुजरातमधील वाडीनार येथे प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना चालवणारी नायरा एनर्जी ही कंपनी पहा. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीची भागीदारी आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असूनही ईमेल व इतर कामे अडली. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्यानंतर सेवा पुन्हा सुरू झाल्या. नायराजवळ वकिलांची फौज होती. आपल्या जवाहर रोडवरच्या किंवा टिळक रोडवरच्या दुकानदाराकडे काय आहे? भाड्याच्या घरात मालकाची मर्जी सांभाळावी लागते, हा साधा नियम येथेही लागू आहे.

भाड्याचा हिशेब

समजा एखाद्या सॉफ्टवेअरचे वार्षिक भाडे ६,००० रुपये आहे आणि तेच काम करणारे दुसरे सॉफ्टवेअर एकरकमी २०,००० रुपयांना मिळते. तीन वर्षे चार महिन्यांत भाडे विकतच्या किमतीइतके होते. दहा वर्षांत भाड्यापोटी ६०,००० रुपये जातात, तेही भाडे वाढले नाही तर. शिवाय भाडे थांबवले की काय होते ते पहा. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची मुदत संपली तर संगणकावरच्या जुन्या फाइली पाहता व छापता येतात, पण त्यात बदल करता येत नाही.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. वार्षिक विवरणाची मुदत संपल्यापासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रे जपून ठेवणे जीएसटी कायद्याने बंधनकारक आहे. २०२४-२५ चे वार्षिक विवरण भरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती, म्हणजे त्या वर्षाचा हिशेब २०३१ च्या अखेरपर्यंत सांभाळायचा आहे. तोपर्यंत भाडे भरत राहायचे, की वही आपल्याकडे ठेवायची?

कोणते पर्याय आहेत?

पत्रे, दरपत्रके व तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस हे सर्वात स्वस्त साधन आहे, किंमत शून्य. २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळे झालेले हे सॉफ्टवेअर जर्मनीतील 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही संस्था सांभाळते. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही, खाते उघडावे लागत नाही, मुदत संपत नाही. वर्ड व एक्सेलच्या फाइली त्यात उघडतात. उणीवही सांगतो. एक्सेलमध्ये मॅक्रो घालून बनवलेले तक्ते त्यात नीट चालतीलच असे नाही. आपले सीए असे तक्ते पाठवत असतील तर आधी तपासून घ्यावे.

ज्यांना मायक्रोसॉफ्टचेच हवे, त्यांच्यासाठी ऑफिस २०२४ ही एकदाच पैसे देऊन मिळणारी आवृत्ती आहे. दुकानासाठी 'होम अँड बिझनेस' हा प्रकार घ्यावा, कारण त्याचा परवाना धंद्याच्या कामाला चालतो. तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२९ पर्यंत मिळतील. ऑफिस २०१६ व २०१९ च्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२५ मध्येच थांबल्या आहेत, म्हणून जुनी स्वस्त प्रत कोणी देत असेल तर घेऊ नये.

हिशेबासाठी टॅली आपल्या बाजारात सर्वांच्या परिचयाची आहे. श्यामसुंदर गोयंका हे गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवणारे व्यावसायिक. स्वतःच्या धंद्याचा हिशेब जमेना म्हणून त्यांनी व त्यांचे पुत्र भरत यांनी १९८६ साली हा उद्योग सुरू केला. टॅलीचा कायमचा परवाना मिळतो आणि भाड्याचाही मिळतो. विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. कायमच्या परवान्यात माहिती आपल्या संगणकात राहते. वार्षिक नूतनीकरण केले नाही तरी कार्यक्रम चालू राहतो. नव्या सुधारणा व इंटरनेटवरच्या सेवा मात्र थांबतात. ज्यांना ई-इन्व्हॉइस किंवा ई-वे बिल टॅलीतूनच काढायचे आहे त्यांनी नूतनीकरण करावे, इतरांनी गरजेनुसार ठरवावे.

लग्नपत्रिका, पावतीपुस्तके व फलक छापणाऱ्या कारागीर बंधूंचा प्रश्न वेगळा आहे. उर्दूसाठी इनपेज आणि मराठीसाठी श्रीलिपी ही साधने आपल्याच संगणकावर चालतात. परंतु त्यांतील जुन्या फाइली दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ उघडत नाहीत. आता युनिकोडमध्ये उर्दू व मराठी दोन्ही लिहिता येते आणि जमील नूरी नस्तालीकसारखा टंक वापरून लिब्रेऑफिसमध्येही चांगली नस्तालीक उमटते. नवे काम युनिकोडमध्ये करावे, म्हणजे पुढे सॉफ्टवेअर बदलले तरी मजकूर अडकणार नाही.

चोरीची प्रत नको

'एकदाच घ्यायचे' म्हणजे पाचशे रुपयांत कोणी टाकून दिलेली चोरीची प्रत नव्हे. चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. लेखकाचा व शोधकर्त्याचा हक्क शरीयतलाही मान्य आहे, असा ठराव इस्लामी फिकह अकादमीने १९८८ साली कुवेतच्या अधिवेशनात केला होता. शिवाय अशा प्रतींतून विषाणू येतात आणि साऱ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारेही याच वाटेने शिरतात. लिब्रेऑफिस मोफत मिळत असताना चोरीची गरजच काय?

घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. इंटरनेट बंद असताना बिल फाडता येईल काय? विक्रेत्यासमोर तार काढून पहावे.
२. भाडे किंवा नूतनीकरण थांबवले तर जुना हिशेब उघडेल काय? त्यात नवी नोंद करता येईल काय?
३. माहिती एक्सेलच्या किंवा तशा सर्वमान्य रूपात बाहेर काढता येते काय?
४. परवाना कोणाच्या नावावर आहे? तो दुकानाच्या नावावर, दुकानाच्या मोबाइल व ईमेलवर असावा. ऑपरेटरच्या नंबरवर असला तर तो नोकरी सोडून जाताना किल्लीही घेऊन जातो.
५. संगणक बदलला तर परवाना नव्या संगणकावर नेता येतो काय?

कुलूप आपले, जबाबदारीही आपली

हिशेब आपल्याकडे ठेवायचा म्हटले की राखणही आपणच करायची. आग, चोरी, दंगल, विजेचा झटका किंवा वऱ्हाडातला उन्हाळा, यांपैकी काहीही एका दिवसात संगणक निकामी करू शकते. जीएसटीच्या नियम ५७ नुसार संगणकावरील हिशेबाची दुसरी प्रत ठेवणे तसेही बंधनकारक आहे. त्यासाठी दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्याव्यात. एक दुकानात, एक घरी. रोज संध्याकाळी गल्ला मिळवल्यावर प्रत काढावी आणि दर शुक्रवारी दोन्हींची अदलाबदल करावी. म्हणजे दुकानाला काही झाले तरी फार तर आठवड्याचा हिशेब जाईल, वर्षांचा नाही. प्रत काढून झाली की डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, लावलेली राहिली तर विषाणू तिच्यातही शिरतो. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पहावी. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजलेले थान. त्यात किती मीटर निघेल ते कापतानाच कळते.

ज्याला हे रोजचे काम जमणार नाही, त्याने क्लाउड घेतलेले बरे. पण तरीही दरमहा आपल्या हिशेबाची एक प्रत स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. ३१ मार्चला वर्ष बंद करताना खतावणी व ताळेबंद कागदावर छापून बांधून ठेवावेत. कागदाला ना वीज लागते ना पासवर्ड. बांधवांनी येत्या आठवड्यातच आपल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याचा कागद काढून पहावा आणि तो विकतचा आहे की भाड्याचा, एवढे तरी माहीत करून घ्यावे.