एकच थेंब, एकच तपासणी

ताप डेंग्यूचा की मलेरियाचा, हे ठरवायला रुग्णाचे रक्त तपासतात. अहवाल संदिग्ध आला तर पुन्हा रक्त घेतात, दुसरी चाचणी करतात. नमुना पुन्हा मिळतो आणि चाचणी केली म्हणून शरीरातला आजार बदलत नाही. निदानाची सारी शिस्त या दोन गोष्टींवर उभी आहे. पण रक्ताचा एकच थेंब मिळाला आणि तो तपासताच संपला तर? सूक्ष्मकणांच्या जगात शास्त्रज्ञांपुढे हाच पेच असतो.

प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, घ्या. त्याच्या कंपनाला दिशा असते. पोलराइज्ड गॉगलच्या काचा या दिशेनुसारच प्रकाश अडवतात. फोटॉन आडवा की उभा, हे एका मापनात खात्रीने कळते. आडवा की ४५ अंशांत तिरका, असा प्रश्न असेल तर मात्र कोणतेही उपकरण दर वेळी अचूक उत्तर देऊ शकत नाही. आडव्या-उभ्याची चाचणी लावली तर तिरका फोटॉन निम्म्या वेळा ‘आडवा’ असेच उत्तर देतो आणि त्यानंतर खरोखरच आडवा होतो. मूळ अवस्था पुसली जाते. आधीच तिची हुबेहूब प्रत काढून ठेवावी, तर तेही निसर्गनियमात बसत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले.

मग किमान किती चूक अटळ आहे? याचे गणित अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल हेल्स्ट्रॉम यांनी मांडले. १९७६ चा त्यांचा ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो. आडवा आणि तिरका यांची शक्यता समान असेल, तर सर्वोत्तम उपकरणही १०० पैकी सुमारे १५ वेळा चुकणार. एकाच अवस्थेतले दोन फोटॉन मिळाले, तर चूक ७ पर्यंत उतरते. पाच मिळाले, तर एकाहूनही कमी. म्हणजे नमुन्यांची संख्या हे पहिले भांडवल.

दुसरा मार्ग डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. काही चाचण्या प्रत्येक वेळी उत्तर देतात आणि कधी चुकतात. काही खात्री असेल तरच बोलतात, एरवी ‘अनिर्णित’ असा शेरा मारतात. इव्हानोविक, डीक्स आणि पेरेस यांनी १९८७-८८ मध्ये दाखवले की फोटॉनसाठीही अशी कधीच न चुकणारी चाचणी शक्य आहे. मात्र वरच्या उदाहरणात ती १०० पैकी जेमतेम २९ वेळा उत्तर देते. उरलेले ७१ अहवाल अनिर्णित.

नमुना दोन ठिकाणी विभागलेला असेल तर अडचण आणखी वाढते. दोन फोटॉन एकमेकांशी अशा प्रकारे जोडलेले असू शकतात की दोघांची मिळूनच एक अवस्था असते, एकेकट्याची वेगळी नसते. याला एन्टँगलमेंट म्हणतात. मराठीत गुंफण म्हणू. पूर्ण गुंफणीच्या चार मूलभूत अवस्था आहेत. दोन्ही फोटॉन एकाच टेबलावर असतील, तर त्या चारही अचूक ओळखता येतात. एक फोटॉन एका शहरात, दुसरा दुसऱ्या शहरात आणि मध्ये फक्त फोन असेल, तर चारपैकी कोणत्याही दोनच अवस्थांमध्ये खात्रीने फरक करता येतो. शक्यता तीन असल्या, तर ते अशक्य होते. हे २००१ मध्ये सिबाशिष घोष, गुरुप्रसाद कर आदी पाच भारतीय भौतिकशास्त्रज्ञांनी सिद्ध केले.

यावर उपाय आहे, पण तो फुकट नाही. दोन्ही शहरांनी गुंफलेल्या फोटॉनची एक जादा जोडी आधीच वाटून घेतलेली असेल, तर तिच्या आणि फोनच्या साहाय्याने एकीकडची अवस्था दुसरीकडे जशीच्या तशी पोहोचवता येते. ही युक्ती १९९३ मध्ये मांडली गेली. मग निदान एकाच टेबलावर होते. मात्र ती जोडी प्रयोगशाळेतल्या रिएजंटसारखी खर्ची पडते. पुढच्या निदानासाठी नवी जोडी लागते.

ही मर्यादाच गुप्ततेची राखणदार ठरली. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार्ड यांनी १९८४ मध्ये बंगळुरूच्या परिषदेत एक पद्धत मांडली. तीत आडव्या, उभ्या आणि तिरक्या फोटॉनमधून गुप्त किल्ली पाठवतात. मध्येच कोणी प्रत्येक फोटॉन मोजून पुढे धाडला, तर ताडून पाहण्याच्या नोंदींत सुमारे चौथा हिस्सा चुका उमटतात. चोरी उघड होते आणि ती किल्ली टाकून देता येते.

एचआयव्हीचा अहवाल किंवा मनोविकाराची नोंद रुग्णाच्या हयातभर गुप्त राहायला हवी. आज चोरून साठवलेली माहिती उद्याचे क्वांटम संगणक उलगडू शकतील, म्हणून या पद्धतीचे मोल वाढले आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये सुरक्षित संदेशवहनाचाही समावेश आहे.

अर्थात, फोटॉन रक्षण करतात ते वाटेतल्या किल्लीचे. केसपेपर टेबलावर उघडा पडला असेल किंवा संगणकाचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असेल, तर तिथे निसर्गाचा कोणताही नियम मदतीला येत नाही. ती काळजी माणसांनाच घ्यावी लागते.