गाडीची आंघोळ

“अरे, तू बी. ए. करतोस ना? मग रोज संध्याकाळी टेम्पोखाली झोपून काय करतोस?” माझ्या एका वर्गमित्राने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणूनच हा लेख.

माझे वडील रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून आंबा घाटाने कोल्हापूरला मासळी नेतात. मासळीवर घातलेला बर्फ वाटेत वितळतो आणि खारे पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर ठिबकत राहते. आमचा पहिला टेम्पो बाबा रोज फडक्याने पुसत. रंग कसा आरशासारखा! पण सात वर्षांपूर्वी पासिंगच्या आधी मेकॅनिकने चासीवर हातोडी मारली, ती सरळ आतच गेली. टेम्पो भंगारात गेला, कर्जाचे हप्ते तेवढे राहिले. त्या वर्षी ताईचे शिक्षण दहावीवर थांबले. घरातून कॉलेजात पहिली यायची ती, आलो मी.

मीठ लोखंडाला खाते असे आपण म्हणतो. खरे पाहता लोखंड गंजते ते पाणी आणि हवेतील प्राणवायू यांमुळे. परंतु खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे गंजण्याची क्रिया झपाट्याने होते. शिवाय या उद्योगात मीठ खर्च होत नाही. ते तिथेच राहते व पुन्हा कामाला लागते. पावसाळ्यात आपल्या घरातील मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसेच चासीवरचे मीठही हवेतला ओलावा ओढून घेते. म्हणजे गाडी घरी उभी असली तरी गंज सुट्टी घेत नाही.

भूगोलाच्या तासाला सरांनी सांगितले, की अमेरिका, कॅनडासारख्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मुद्दाम मीठ टाकतात. साधे पाणी शून्य अंशाला गोठते. भरपूर मीठ मिसळले तर उणे २१ अंशांपर्यंतही गोठत नाही. त्यामुळे रस्त्यावरचे बर्फ वितळते, पण ते पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला चिकटते. म्हणून तिथे गाडी खालून फवाऱ्याने धुतात. मला वाटले, हे तर आमचेच दुखणे!

आता धुण्याची रीत. खेप संपली की त्याच दिवशी धुवावे. आधी मडगार्डच्या आतला चिखल खरवडून काढावा, कारण चिखलात मीठ दडून बसते. मग चासी, पाटे, ब्रेकचे पाइप यांवर खालून पाणी मारावे. चासीची पाणी निचरण्याची भोके काडीने मोकळी करावीत. शेवटी गाडी उघड्या हवेत वाळू द्यावी. पावसात गाडी आपोआप धुतली जाते हा भ्रम आहे. पाऊस वरून पडतो, मीठ खाली असते.

खरी अडचण पाण्याची. मे महिन्यात आमची विहीर मचूळ होते. गोडे पाणी आई लांबून डोक्यावर आणते. “माणसांना प्यायला नाही, आणि तुम्ही गाडीला आंघोळ घाला!” आई म्हणाली, तेव्हा मी व बाबा दोघेही गप्प. मग मी एक तोड काढली. मचूळ पाणी मासळीच्या पाण्याइतके खारट नसते. तेव्हा पहिल्या चार बादल्या विहिरीच्या, आणि शेवटची एकच बादली गोड्या पाण्याची. ती बादली आता मीच आणतो. नदीत गाडी घालणे सोपे, पण तेलग्रीस नदीत जाते आणि खालच्या गावाला तेच पाणी प्यावे लागते.

यंदा पासिंगच्या आधी मेकॅनिकने पुन्हा हातोडी मारली. आवाज खणखणीत आला. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त पुन्हा एकदा मारायला सांगितली.

ताईने बारावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. संध्याकाळी मी टेम्पोखाली असतो, तेव्हा ती पायरीवर बसून मोठ्याने इतिहास वाचते. चुकली तर मी खालूनच सांगतो.