एकाच वेळी जन्मलेले कण

सिरॅमिकची वस्तू भट्टीत बिघडल्यासारखी दिसते, पण बहुतेकदा तिचा बिघाड भुकटीतच झालेला असतो. दळून केलेल्या भुकटीत लहानमोठे, वेडेवाकडे कण आणि त्यांचे घट्ट गोळे असतात. ती साच्यात दाबली की मध्ये पोकळ्या उरतात. त्यांतल्या मोठ्या पोकळ्या भट्टीत सहसा बुजत नाहीत आणि पुढे तडा तिथूनच जातो. अल्कॉक्साइडची पद्धत उलट्या दिशेने जाते, ती रेणूपासून कण घडवते. तिची वाखाणणी सहसा शुद्धतेसाठी होते. माझ्या मते तिची खरी ताकद वेळ साधण्यात आहे: सगळे कण जवळजवळ एकाच वेळी जन्माला आले, तरच ते एका मापाचे होतात.

अल्कॉक्साइडमध्ये धातूच्या अणूला ऑक्सिजनमार्फत कार्बनी गट जोडलेले असतात. पाणी भेटले की हे गट एकेक करून अल्कोहोल होऊन सुटतात आणि त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल येतो. मग शेजारचे दोन रेणू पाणी किंवा अल्कोहोल बाहेर टाकून ऑक्सिजनच्या पुलाने जोडले जातात. सिलिकॉन काटेकोर अर्थाने धातू नव्हे, पण या रसायनाची सुरुवात त्याच्यापासूनच झाली. एबेलमेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये नोंदवले, की सिलिकॉनचे असे संयुग दमट हवेत हळूहळू काचेसारखे घट्ट होते. ही संथ क्रिया अमोनियाने वेग घेते. १९५६ मध्ये कोल्बेने आणि १९६८ मध्ये स्टोबर, फिंक व बोन यांनी तिच्यातून सिलिकाचे एकसारखे गोल कण मिळवले. टायटेनियमचा स्वभाव वेगळा. चार गट जोडलेले असूनही त्याच्याभोवती सहा शेजाऱ्यांना जागा असते, त्यामुळे पाण्याचा रेणू सहज शिरतो आणि क्रिया क्षणार्धात उसळते.

अशा उतावळ्या धातूलाही शिस्त लावता येते, हे अमेरिकेतील एमआयटीमध्ये बॅरिंजर आणि बोवेन यांनी १९८२ मध्ये दाखवले. कोरड्या इथेनॉलमधल्या टायटेनियम इथॉक्साइडमध्ये त्यांनी इथेनॉलमध्येच मिसळलेले पाणी घातले. असे मिश्रण आधी काही सेकंद नितळ राहते, आणि सगळा खेळ त्या सेकंदांतच ठरतो. पाण्याशी क्रिया झालेले रेणू साठत जातात, त्यांचे प्रमाण एक मर्यादा ओलांडते आणि असंख्य केंद्रके, म्हणजे कणांची बीजे, एकदम तयार होतात. त्यामुळे द्रावणातला साठा पुन्हा मर्यादेखाली उतरतो, नवे जन्म थांबतात आणि उरलेला माल जन्मलेल्यांच्या वाढीला लागतो. लामेर आणि डिनेगार यांनी १९५० मध्ये गंधकाच्या कणांसाठी मांडलेली उपपत्ती हीच. पण बोगुश आणि झुकोस्की यांनी सिलिकाच्या अभ्यासातून तिला हरकत घेतली: सूक्ष्म कण बराच वेळ जन्मत राहतात आणि एकमेकांना चिकटत मोठे होतात. हरकत वजनदार आहे, पण तिने मूळ मुद्दा ढळत नाही. उशिरा आलेले कण आधीच्या मोठ्या कणांवर जाऊन बसतात. टिकणाऱ्या कणांची संख्या मात्र सुरुवातीच्या अल्प काळातच पक्की होते.

बॅरिंजर आणि बोवेन यांच्या टायटानियाची, म्हणजे टायटेनियमच्या ऑक्साइडची, सिरॅमिक वस्तू सुमारे १०५० अंश सेल्सियसला जवळजवळ पूर्ण घट्ट झाली. नेहमीच्या भुकटीला १३०० अंशांहून जास्त तापमान लागते. तरी ही पद्धत सगळीकडे पसरलेली नाही आणि त्याची कारणे खरी आहेत. अल्कॉक्साइड महाग, हवेतल्या ओलाव्यानेही बिघडणारे. द्रावण विरळ, म्हणजे मूठभर भुकटीसाठी पिंपभर अल्कोहोल. टीकाकार आणखी सांगतात, की समान गोळ्यांचे नीटस थर छोट्या-छोट्या पट्ट्यांतच लागतात आणि भाजताना त्या पट्ट्यांच्या सीमांवर भेगा पडतात. लहानमोठे कण नेमके मिसळले तर रचना अधिक दाट बसते. हे मान्य करावे लागेल. मात्र नेमके मिसळण्यासाठी आधी प्रत्येक माप वेगळे बनवता यायला हवे, आणि ते दळून साधत नाही. मला जास्त काळजी वाटते ती सुकवण्याची. ओली भुकटी वाळताना पाण्याचा ताण कणांना जवळ ओढतो आणि त्यांच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट पुन्हा ऑक्सिजनचे पूल बांधू लागतात. ज्या क्रियेने कण घडवला, तीच आता त्याला शेजाऱ्याशी कायमची जोडते. त्यावर उपाय म्हणून पाण्याऐवजी अल्कोहोलने धुतात, किंवा द्रावणातच हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज घालून कणांवर आवरण चढवतात. ते कणांना दूर ठेवते, पण भाजण्याआधी हळूहळू जाळून काढावे लागते, नाहीतर कोंडलेला वायू वस्तूत नव्या पोकळ्या पाडतो.