लग्न गोव्यात, गोंधळ किनवटात

"काकू, तुम्ही फक्त यायचं! काही म्हणजे काही करायचं नाही. राहणं, जेवण, चहा, नाश्ता, सगळं धरून आहे."

पुतणीचा फोन झाला आणि मी निवडायला घेतलेले गहू तसेच पुढ्यात ठेवून बसले. लग्नघरात काही करायचं नाही, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आमच्या किनवटात लग्न ठरलं की घर आधी बायकांच्या ताब्यात जातं. कुणी पापड लाटते, कुणी रुखवताच्या कुरडया-सांडग्यांचे डबे भरते, कुणी हळदीची तयारी करते. भांडणंही तिथेच होतात आणि समेटही तिथेच. आणि ही पोरगी म्हणते, हात हलवत या!

मैत्रिणींनो, असं निमंत्रण तुमच्यापैकी काहीजणींना आलं असेल, नसेल तर आज ना उद्या येईल. मुली पुण्या-हैदराबादेत नोकरीला, जावई तिसऱ्याच गावचे, दोन्हीकडची मंडळी चार शहरांत विखुरलेली. मग मधला मार्ग म्हणून समुद्रकाठचं एखादं रिसॉर्ट ठरतं. उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही, पण डोळे मिटून होकार देण्यातही नाही. आम्ही जाऊन आलो. त्यातून जे कळलं, ते सांगते.

हा जानवसाच की!

खरं सांगायचं तर ही कल्पना आपल्याला परकी नाही. पूर्वी वऱ्हाड मुलीच्या गावी जायचं, चार-चार दिवस राहायचं. त्यांच्यासाठी जानवसा असे. अंघोळीच्या पाण्यापासून विहिणीच्या पंगतीपर्यंत सगळं यजमानाने बघायचं, म्हणजे 'सगळं धरून'च होतं. रुसवेफुगवेही त्यातच! मराठवाड्याच्या लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्याने पन्नासांवर पात्रं रंगवत 'वऱ्हाड निघालंय लंडनला' गाजवलं, तेव्हा आपण पोट धरधरून हसलो. आता वऱ्हाड खरोखरच निघतं, एवढंच.

एकदा पैसे भरा आणि सगळं घ्या, ही हॉटेलची पद्धत रूढ केली ती 'क्लब मेडिटेरेनियन' या संस्थेने. १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून त्यांनी सुरुवात केली. पुढे तिथे गळ्यातल्या माळेचे मणी देऊन पेय घ्यायची पद्धत पडली. म्हणजे सगळं धरूनही काहीतरी बाहेर उरतंच, हे तेव्हापासूनचं!

गोव्यात १९७४ साली आग्वाद किल्ल्याजवळ ताज गटाचं समुद्रकाठचं हॉटेल उघडलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेचे पाहुणे विश्रांतीसाठी गोव्याला आले आणि त्या किनाऱ्याचं नाव जगभर झालं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि आपल्यासारख्यांनाही गोवा जवळ आला.

यादीला लागलेली कात्री

जवळ म्हणजे किती? किनवटहून नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबई, तिथून कोकणकन्येने मडगाव. दोन रात्री गाडीत जातात. आमच्या सासूबाई ऐंशीच्या घरात, गुडघे धरलेले. त्यांना हे झेपणारं नव्हतं.

पण खरा पेच प्रवासाचा नव्हता, यादीचा होता. रिसॉर्टचा हिशेब माणशी असतो. साठ खोल्या, खोलीत दोघं, म्हणजे एकशेवीस माणसं. त्यातली निम्मी आपली. गावी मांडव घातला की जेवायला कोण आलं हे मोजायची पद्धत नाही. इथे मात्र जाऊबाई वही घेऊन बसल्या आणि एकेक नाव खोडू लागल्या. शेजारचे गेले, गल्लीतले गेले, मामंजींच्या वेळचे मित्र गेले. आणि आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येणाऱ्या मावशीही गेल्या. त्या मावशींनी या पोरीला पायावर घेऊन न्हाऊमाखू घातलं होतं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशींचं नाव कसं खोडलंत?"

जाऊबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "मग कुणाचं खोडू, तुम्हीच सांगा. तुमचं?"

दोन दिवस आम्ही जावा एकमेकींशी बोललो नाही.

तोड काढली ती सासूबाईंनी. म्हणाल्या, "लग्न कुठेही लावा, पण देवक इथेच बसेल आणि गोंधळ इथेच होईल. माहूरची रेणुकामाता आपली कुलस्वामिनी, ती काही रिसॉर्टला यायची नाही. तुम्ही जा, मी देवकाचा दिवा सांभाळते. माझ्या सोबतीला मावशी राहतील." गुरुजींना विचारलं, त्यांनीही हरकत घेतली नाही. गोंधळाच्या दिवशी सगळ्या गावाला जेवण, हेही तेव्हाच ठरलं.

तेव्हा पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा, की जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी काय करायचं ते हॉटेल ठरवायच्या आधी ठरवा. नंतर ठरवलं तर ती नुसती समजूत होते.

'सगळं' म्हणजे नक्की काय?

हॉटेलवर गेल्याबरोबर प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा बांधतात. हिरव्या बांगड्यांच्या मागे तो पट्टा! पट्टा दिसला की जेवण, चहा, सरबत हवं तेवढं. पहिल्या दिवशी आमच्या मंडळींनी ताटं अशी भरली की निम्मं टाकावं लागलं. तेव्हा आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा, काय-काय आहे ते बघा आणि मगच ताट घ्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच साध्या वरणभाताची आठवण झाली. आधी सांगून ठेवलं तर तोही मिळतो. शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो का, उपासाचं काही मिळेल का, हेही आधीच विचारा.

पैसे भरण्यापूर्वी यजमानांनी पुढच्या गोष्टी लेखी घ्याव्यात:

– खोली किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायची? बहुतेक ठिकाणी दुपारी मिळते. गाडी सकाळी पोचली तर म्हातारी माणसं सामानावर बसून राहतात. आमच्याकडे तसंच झालं. निदान दोन खोल्या सकाळपासून मागून घ्या.

– कपडे धुणं, खोलीत मागवलेलं जेवण, खोलीतल्या लहान फ्रीजमधल्या बाटल्या, मालिश, बोटीची सैर, स्टेशनची टॅक्सी यातलं धरून काय आणि वेगळं काय?

– सांगितलेला दर करासह की कराशिवाय? खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी लागतो. साठ खोल्यांवर तो केवढा होतो, ते करून बघा.

– हळद आणि मेंदीचे डाग पांढऱ्या टॉवेलला, चादरीला लागले तर भरपाई घेणार का? घरून जुने पंचे आणि एक जुनी चादर न्याच.

पाहुणी म्हणून जाणार असाल तर एकच विचारा: प्रवासखर्च आपला की त्यांचा? विचारण्यात कमीपणा नाही. बहुधा राहणं-जेवण यजमानांचं आणि तिकीट आपलं असतं. चौघांचं जाण्यायेण्याचं तिकीट महिन्याच्या खर्चात बसत नसेल तर एकट्याने जा, किंवा घरच्या समारंभाला जा. कर्ज काढून कुणाच्या लग्नाला जाऊ नये.

आणि एक नाजूक गोष्ट. रिसॉर्टचा हट्ट मुलाकडच्यांचा आणि बिल मुलीच्या बापाचं, असं असेल तर ती मागणीच झाली. नाव तेवढं नवं. आमच्याकडे खर्च निम्मा-निम्मा होता आणि मुलगा-मुलगी दोघांनी आपल्या पगारातून भर घातली, म्हणून भाऊजी हसत उभे राहू शकले.

गोरज मुहूर्त आणि वारा

पश्चिमेचा समुद्र, त्यामुळे मुहूर्त गोरज. देखावा सुरेखच होता, खोटं कशाला बोलू! पण संध्याकाळी समुद्रावरून वारा असा सुटला की अंतरपाट शिडासारखा फुगला. अक्षता नवरानवरीपेक्षा मागच्या रांगेवरच जास्त पडल्या. होमाचा अग्नी टिकेना, तेव्हा आचाऱ्यांकडून पत्रा मागवून आडोसा केला. वाळूवर लग्न लावणार असाल तर होमाची जागा भिंतीच्या आडच ठेवा. गुरुजी आपले घेऊन गेलात तर त्यांचं नाव खोल्यांच्या यादीत आधी घाला.

सूर्य टेकला तशी फोटोवाल्याची घाई सुरू झाली. "गुरुजी, उजेड जातोय, सप्तपदी थोडक्यात घ्या." गुरुजी घुटमळले. एवढ्यात जाऊबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "उजेड जाऊ दे. पावलं सातच पडतील, आणि सावकाश पडतील." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. यादीवरून आमच्यात जे झालं होतं, ते त्या क्षणी माझ्या मनातून गेलं.

आणि त्यांचं म्हणणं कायद्यालाही धरून होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विधी महत्त्वाचा आहे. ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे, त्यांचं लग्न सातवं पाऊल पडल्यावर पूर्ण होतं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की विधी झालेलाच नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, आणि लग्न म्हणजे नाचगाणं नि खाणंपिणं नव्हे. म्हणून सप्तपदीचे फोटो जपून ठेवा आणि नोंदणी कुठे करायची, कागद कोणते लागतील, हे निघण्यापूर्वीच नोंदणी कार्यालयात विचारून ठेवा.

किनवटात सासूबाई आणि मावशी फोनवर लग्न बघत होत्या. शेवटच्या मंगलाष्टकाला दोघींनी फोनवरच अक्षता टाकल्या, असं नंतर शेजारणीने सांगितलं.

दर्या तो दर्याच

आपण पैनगंगेच्या काठच्या बायका. नदीचा पूर आपल्याला कळतो, समुद्र कळत नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर सरकारने २००८ पासून जीवरक्षक नेमले आहेत. लाल-पिवळे झेंडे असतील त्या दोन झेंड्यांच्या मध्येच उतरायचं. नुसता लाल झेंडा दिसला की पाण्यात पाऊलही टाकायचं नाही. जून ते सप्टेंबर तर समुद्र खवळलेलाच असतो. अशा लग्नात बार खुला असतो आणि रात्री तरुण मुलांना पाण्यात जायची हुक्की येते. आमच्या भाच्यांना आम्ही चार आत्या-मावश्यांनी आळीपाळीने जागून धरून ठेवलं. म्हणजे काही करायचं नाही म्हणता म्हणता राखणीचं काम निघालंच!

गाण्याबजावण्याचा कार्यक्रम संध्याकाळी लवकर ठेवा. उघड्यावरचे कर्णे रात्री दहाला बंद करावे लागतात, तो नियम देशभर आहे.

कपड्यांचं थोडं. खाऱ्या, दमट हवेने जर काळवंडते. भरजरी साडी मुहूर्तापुरतीच नेसा, उतरवल्यावर पंख्याखाली सावलीत वाळवा आणि मऊ सुती कापडात गुंडाळा. घरी आल्यावर पुन्हा एकदा वारा द्या. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. काठाला ओली वाळू लागली तर चोळू नका. वाळू द्या आणि मऊ ब्रशने झाडा. कोल्हापुरी चपला घरीच ठेवा, खाऱ्या पाण्याने चामडं कडक होतं. वाळूसाठी साध्या रबरी चपला बऱ्या. दागिने खोलीत टाकून जाऊ नका. हॉटेलच्या तिजोरीत ठेवा आणि पावती घ्या.

संबळ वाजला तेव्हा

परत आलो. दारात मावशींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग पुतणी वाकली तेव्हा तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "काळी पडलीस गं उन्हात!"

गोंधळाच्या दिवशी अंगणात मांडव पडला. आंब्याचे डहाळे आले, धान्याचा चौक मांडला, दिवटी पेटली आणि संबळ वाजला. आचारी असूनही पुऱ्या लाटायला गल्लीतल्या बायका पदर खोचून बसल्याच. जावयांच्या आईही त्यांच्यात येऊन बसल्या. मला हळूच म्हणाल्या, "तिथे तीन दिवस एकत्र होतो, पण ओळख आज झाली." किती पानं उठली ते कुणी मोजलं नाही.

म्हणून असं निमंत्रण आलं तर जरूर जा. बायकांना लग्नात दोन दिवस बसायला मिळतं, त्यात वाईट काय? जाऊबाई आणि मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वाळूत बसून तासभर बोललो. लग्नघरात एवढी उसंत आम्हाला कधी मिळाली नव्हती. फक्त ठरवताना, वही उघडली की खोल्या मोजण्याच्या आधी ज्यांची नावं खोडावी लागतील त्यांची यादी करा. त्यांना केव्हा, कुठे बोलवायचं ते तारखेसह लिहा. मग हॉटेलला फोन लावा.